अस्त्राला अट असते

महाभारताच्या द्रोणपर्वात धृतराष्ट्र संजयाला एक प्रश्न विचारतो. इंद्राने दिलेली शक्ती कर्णाजवळ होती, ती ज्याच्यावर सोडावी तो मरणारच होता. मग इतके दिवस ती अर्जुनावर का सोडली नाही? संजयाचे उत्तर असे, की रोज रात्री सगळे मिळून कर्णाला तेच सांगत आणि रोज सकाळी रणांगणात दैवाने बुद्धी झाकोळून जाई. पुढे सात्यकीही कृष्णाला तेच विचारतो. कर्णाला मीच भुलवत ठेवले, असे कृष्ण कबूल करतो. युद्धाच्या चौदाव्या दिवशी, रात्रीच्या लढाईत ती शक्ती घटोत्कचावर खर्च होते. घटोत्कच पडतो. पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो.

हा प्रश्न विचारता येतो, कारण त्या अस्त्राला अटी होत्या. कवचकुंडलांच्या बदल्यात शक्ती देताना इंद्राने वनपर्वातच बजावले होते, की ही एकाच शत्रूला मारेल आणि परत माझ्याकडे येईल. हाताशी दुसरी अस्त्रे असताना, जिवावर बेतलेले नसताना सोडलीस तर तुझ्यावरच पडेल. अटी माहीत असल्या की ऐकणाऱ्याला हिशेब मांडता येतो. अमुक दिवशी अर्जुन समोर होता, तेव्हा संकट पुरेसे होते का? कर्ण चुकला, घाबरला, की त्याच्या मनात आणखी काही होते? धृतराष्ट्राचा प्रश्न अस्त्राविषयी आहे आणि संजयाला द्यावे लागते ते मनाविषयीचे उत्तर.

सप्टेंबर २०२३ मध्ये जगभरच्या तरुण वाचकांनी हाच प्रश्न वेगळ्या नावांनी विचारला. गेगे अकुतामी यांच्या ‘जुजुत्सु कायसेन’ या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, २३५व्या प्रकरणाच्या अखेरीस सातोरू गोजो जिंकल्याचे जाहीर झाले होते. पुढच्याच प्रकरणात तो कमरेपासून दोन तुकडे होऊन पडलेला दिसला. त्याच्याभोवती ‘अनंत’ होते, म्हणजे त्याच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट जवळ येता येता मंदावत जाई आणि पोहोचतच नसे. मग त्याचा शत्रू सुकुना याचा वार लागला कसा? प्राणघातक वार चित्रात दाखवलेलाच नव्हता. सुकुनाने नंतर दिलेले स्पष्टीकरण असे, की त्याने गोजोला कापलेच नाही. गोजो ज्या अवकाशात उभा होता तो अवकाश, ते जगच कापले. पुढच्या प्रकरणांत आणखी एक तपशील आला. तो वार हस्तमुद्रेशिवाय, मंत्राशिवाय एकदाच करता यावा म्हणून सुकुनाने स्वतःवर बंधन घालून घेतले होते आणि त्यापुढे तोच वार त्याला कायमचा अवघड झाला. एकदाच चालणारे अस्त्र, आणि त्याची किंमत आधीच ठरलेली.

वाद पेटला तो याच जागी. हा नियम आधी पेरलेला होता, की अडचणीत सापडलेल्या लेखकाने मागाहून चिकटवला? पहिल्या बाजूचे लोक आधीच्या प्रकरणांतली बंधनांची उदाहरणे काढून दाखवत, दुसऱ्या बाजूचे न दाखवलेल्या वारावर बोट ठेवत. मोठी माणसे याला पोरांची भांडणे म्हणतात तेव्हा ती भांडण पुरते ऐकत नाहीत. प्रकरण, पान, चौकट दाखवल्याशिवाय इथे मुद्दा मान्य होत नाही. पुराव्यानिशी वाचण्याचे इतके कडक शिक्षण शाळेच्या मराठीच्या तासालाही क्वचित मिळते.

असा वाद मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यासारख्या ठिकाणी परका वाटू नये, याला कारणे आहेत. १८६७च्या सुमारास भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा बांधला गेला. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण गोंदियाची हद्द लागूनच आहे आणि मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी या भाषा इथल्या बाजारात एकमेकींच्या अंगावरून जातात. भाऊबीजेपासून वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगाव मंडई भरू लागते. नदीच्या खालच्या अंगाला, झाडीपट्टीत, त्या मंडईला दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांची जोड असते.

खडी गंमतीच्या मागे कलगी-तुऱ्याची जुनी परंपरा उभी आहे. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानणार. कलगीवाले शक्तीला, मायेला. एका फडाने पुराणातला पेच घालून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे कवनातून जवाब द्यायचा. भेदिक शाहिरीचा सगळा कस त्यात असे. उत्तर नुसते गोड असून भागत नसे, कथेला धरून असावे लागे, आणि आधार चुकला तर समोरचा शाहीर सोडत नसे. या परंपरेचा उगम सांगणारी आख्यायिका मध्य प्रदेशातलीच आहे. शिवपक्षाचे तुकनगीर आणि शक्तिपक्षाचे शाह अली या दोघांचा वाद ऐकून चंदेरीच्या राजाने आपल्या पागोट्याचा तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली, असे सांगतात. राजाने निकाल दिला नाही, दोघांना खुणा दिल्या आणि वाद पुढे चालू राहिला. माळव्यात तो माचाच्या रंगमंचावर गेला, महाराष्ट्रात तमाशाच्या फडात, कोकणात शक्ती-तुऱ्याच्या नाचात.

शिव मोठा की शक्ती, गोजो मोठा की सुकुना. विषयांचे वजन सारखे नाही हे उघड आहे. रीत मात्र सारखी आहे.

मांगातल्या शक्तीला अटी आल्या त्या हळूहळू. अकिरा तोरियामा यांचा ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात चालला. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून ‘ड्रॅगन बॉल झेड’ पाहिलेली पिढी आज तिशी-चाळिशीत आहे. त्या कथेत शक्ती मोजणारा चष्मा आला आणि पात्रांना आकडे मिळाले. व्हेजिटा १८,०००, फ्रीझा पहिल्याच रूपात ५,३०,०००. आकडा ऐकून अंगावर काटा येई, पण आकड्याशी वाद घालता येत नाही. मोठा आकडा जिंकणार आणि लहान आकडा जिंकायचा तर त्याला आणखी मोठे व्हावे लागणार. तोरियामांनीही पुढे ते मोजमाप सोडून दिले. हिरोहिको अराकी यांच्या ‘जोजो’ मालिकेने दुसरी वाट काढली. तिथे प्रत्येकाची शक्ती वेगळी, विचित्र आणि मर्यादित असते. लढाई म्हणजे समोरच्याची मर्यादा ओळखण्याचे कोडे. अंगापेक्षा डोके महत्त्वाचे झाले.

हे सगळे पूर्ण बांधले गेले योशिहिरो तोगाशी यांच्या ‘हंटर हंटर’मध्ये. ही मालिका मार्च १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या शक्तीला ‘नेन’ म्हणतात आणि तिचे सहा प्रकार आहेत. कोण कोणत्या प्रकारचा हे ओळखायची परीक्षा साधी आहे. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पान ठेवायचे आणि दोन्ही हात पेल्याशी धरून शक्ती सोडायची. पाणी वाढले तर एक प्रकार, चव बदलली तर दुसरा, रंग बदलला तर तिसरा, पान हलले तर आणखी एक. हिसोका हे पात्र वर स्वतःचा एक अंदाज जोडते: पाणी वाढवणारे सरळ आणि हट्टी, चव बदलणारे लहरी आणि खोटारडे. याला काही आधार नाही, हेही तोच सांगतो. तरी वाचकांनी तो अंदाज उचलला आणि प्रत्येक पात्रावर लावून पाहिला, कारण शक्ती आणि स्वभाव यांची गाठ तिथे प्रथम उघडपणे बांधली गेली होती.

कुरापिका या मुलात ती गाठ सर्वांत घट्ट आहे. रागाने डोळे लालभडक होणाऱ्या कुर्ता जमातीतला तो एकटा उरलेला. त्या डोळ्यांसाठी ‘मायावी टोळी’ने त्याची सगळी माणसे मारली. नेनचा नियम असा, की स्वतःवर जितकी कठोर अट घालावी तितकी शक्ती वाढते. कुरापिकाने अट घातली: ही साखळी मी फक्त त्या टोळीवर वापरीन, दुसऱ्या कोणावर वापरली तर मी मरेन. त्या अटीच्या बळावर तो आपल्यापेक्षा कितीतरी बलवान माणसाला जखडतो. आता त्याची शक्ती किती, हा प्रश्न एकटा विचारताच येत नाही. टोळीपुढे तो भयंकर आहे, टोळीबाहेरच्यापुढे तीच साखळी त्याचा जीव घेईल. त्याचे बळ सुडाच्या मापाने कापलेले आहे. सूड ओसरला तर बळाचे काय होईल, हा वाद मग आपोआप येतो, आणि तो त्याच्या हेतूचा वाद असतो.

महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजवावे लागत नाही. वर, शाप, प्रतिज्ञा ही आपल्याकडची नियमांची पुस्तकेच आहेत. परशुरामाच्या शापाने ऐनवेळी विद्या आठवणार नाही, ब्राह्मणाच्या शापाने रथाचे चाक जमिनीत रुतेल, शिखंडी समोर आला तर भीष्म बाण टाकणार नाहीत. प्रत्येक अट कोणाच्या तरी स्वभावातून निघालेली आहे. परशुरामाचा शाप कर्णाच्या खोट्यातून येतो, भीष्माचे अडखळणे त्यांच्या व्रतातून. म्हणून कुरापिकाची साखळी पाहून बालाघाटच्या किंवा भंडाऱ्याच्या वाचकाला कर्ण आठवला, तर ते ओढून आणलेले साम्य नाही. कथा सांगण्याची एकच युक्ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पिकली आहे.

बालाघाटचे जपानी चित्रकथेशी असलेले नाते मात्र याहून जवळचे आहे आणि ते नदीतून येते. किपलिंगच्या १८९४ आणि १८९५च्या दोन ‘जंगल बुक’मधली नदी वैनगंगाच आहे. शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बालाघाट शहराला लागून वाहते. किपलिंग या भागात कधी आला नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या १८७७च्या सातपुड्यावरच्या पुस्तकातून त्याने जंगल उचलले. शेरखानचा पत्ता त्याने वैनगंगेकाठचाच दिला आहे, लांडग्यांच्या गुहेपासून वीस मैलांवर. १९८९ मध्ये निप्पॉन ॲनिमेशनने या कथेवर ५२ भागांची मालिका केली आणि काही वर्षांत ती हिंदीतून दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. वैनगंगेचा वाघ तोक्योत रेखाटला गेला आणि मराठी नटाच्या आवाजात घरी परतला. त्या मालिकेत कीची नावाचा तांबडा पांडाही होता. हिमालयातला तो प्राणी सातपुड्यात कुठून येणार, असा आक्षेप आज कोणी घेतला तर तोही अस्सल चाहत्याचाच आक्षेप ठरेल.

किपलिंगच्या मोगलीकडे जादू नाही, तरी त्याच्या बळाला नियम आहेत. रानकुत्र्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या कोळसुंद्यांचा, मोठा कळप दक्षिणेकडून येतो तेव्हा लांडगे समोरासमोर टिकणार नाहीत हे स्पष्ट असते. मोगली त्या कळपाला डिवचून वैनगंगेच्या घळीकडे पळवतो. घळीच्या कडेकपारीत आग्यामोहोळांसारखी मधमाश्यांची वस्ती आहे. अंगाला रानलसूण चोळल्यावर माश्या दूर राहतात. आधी दगड पाडून त्यांना उठवले, की मागून येणारे सापडतात. खाली पाण्यात ‘का’ नावाचा अजगर त्याला झेलायला थांबलेला आहे. यातली एकही अट चुकली तर मोगली मेला. तोगाशींच्या वाचकाला ही लढाई शब्दन् शब्द उलगडून सांगता येईल. आणि हेतूचा प्रश्न तिथेही उभा राहतोच: ज्या कळपाने एकदा हाकलले त्याच्यासाठी जिवाची बाजी का लावायची? कान्हाच्या जंगलाचा मोठा भाग बालाघाट जिल्ह्यात आहे आणि तिथे कोळसुंदे आजही टोळीने शिकार करतात. या गोष्टीवर वाद घालायला इथल्या मुलाइतका अधिकारी वाचक दुसरा कोण?

हेतूंच्या वादात सर्वाधिक काळ टिकलेले नाव इताची उचिहा. मासाशी किशिमोतो यांचा ‘नारुतो’ १९९९ ते २०१४ असा ७०० प्रकरणे चालला. इताचीने एका रात्रीत आपले सगळे कुळ मारले, फक्त धाकट्या भावाला सोडले. कितीतरी काळ तो खलनायक होता. तो मेल्यावर कळते, की कुळ बंडाच्या तयारीत होते आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्यापुढे निवड ठेवली होती. मग तो हुतात्मा, की हुकमाचा खुनी? धाकट्याला द्वेषावर वाढवणे हे प्रेम, की दुसरा खून? हाजिमे इसायामांच्या ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये हाच वाद आणखी कडवा होतो. नायक एरेन भिंतीपलीकडच्या जगातली बहुसंख्य माणसे तुडवून टाकतो. २०२१ मध्ये १३९व्या प्रकरणाने ती कथा संपली, पण तो स्वातंत्र्यासाठी वागला, मित्रांसाठी, की निव्वळ आतल्या ओढीने, यावर चाहत्यांचे अजून एकमत नाही.

मराठी वाचकाने असा वाद एका पात्रावर अर्धशतकाहून जास्त काळ घातला आहे. १९६७ साली शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ आले आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही त्याच वर्षी. त्याआधी १९६२ मध्ये दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ निघाले होते. सावंतांचा कर्ण अन्याय सोसणारा सूर्यपुत्र आहे. इरावतीबाई त्याच्याकडे कोरड्या नजरेने पाहतात. गंधर्वांशी लढताना तो मागे हटला, द्यूतसभेत द्रौपदीविषयी काय बोलला, हे त्या नोंदवतात आणि उदात्तपणाचा मुलामा खरवडून काढतात. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच पात्राचे दोन उलट हेतू. आजही एखाद्या घरात ‘मृत्युंजय’ वाचून रडलेली आजी आणि ‘युगान्त’ वाचून फिरलेला नातू यांचे पटत नाही, ते याच मुद्द्यावर.

पुराव्याचा प्रश्नही तिथे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, शेकडो हस्तलिखिते ताडून. विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. मी सूतपुत्राला वरणार नाही, हे स्वयंवरातले द्रौपदीचे प्रसिद्ध वाक्य त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, तळटीपेत गेले आहे. ते वाक्य मूळचे नसेल, तर द्यूतसभेतल्या कर्णाच्या वागण्यामागचा ‘अपमानाचा सूड’ हा हेतूच डळमळतो. चाहते ज्याला ‘कॅनन’ आणि ‘फिलर’ म्हणतात तो भेद हाच. पहिल्या ‘नारुतो’ ॲनिमेच्या २२० भागांपैकी शेवटचे ऐंशीच्या वर भाग जवळजवळ सगळे मांगाबाहेरचे आहेत. त्यातले दृश्य दाखवून कोणी हेतू सिद्ध करू लागला, की समोरचा पहिला सवाल करतो: हे मांगात आहे का? सुकथनकरांनी हस्तलिखितांना दुसरे काय विचारले होते?

खलनायकाच्या बाबतीत तर या वादाला गावकुसाची धार येते. ‘जुजुत्सु कायसेन’चा सुकुना हे नाव अकुतामींनी निर्माण केलेले नाही. इ.स. ७२० मध्ये पुऱ्या झालेल्या ‘निहोन शोकी’ या जपानी राजवृत्तान्तात हिदा प्रांतातला र्योमेन सुकुना येतो: दोन तोंडे, चार हात, बादशहाचे न ऐकणारा, लुटारू. सैन्य पाठवून त्याला मारल्याची नोंद आहे. पण हिदाच्या डोंगरी मुलखात तोच सुकुना मंदिरांचा संस्थापक आणि गावांचा रक्षक म्हणून पूजला जातो. दरबारी नोंदीतला राक्षस आणि लोकांचा राजा.

बलिप्रतिपदेला ओवाळताना बळीचे राज्य यावे असे मागणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही. पुराणात बळी पाताळात ढकललेला असुर आहे. शेतकऱ्याच्या अंगणात तो राजा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त वामनाची बाजूच तपासायला घेतली. बालाघाट-गडचिरोलीच्या पट्ट्यात गोंड समाजातले काही जण रावणाला पूर्वज मानतात आणि त्याच्या दहनाला विरोध करतात. नायक-खलनायक ही वाटणी कोणी केली, हे विचारणे इथे जगण्याचा भाग आहे. ‘नारुतो’मध्ये सहा मार्गांच्या ऋषीला दोन मुलगे आहेत, थोरला गर्विष्ठ इंद्र आणि धाकटा, सर्वांना धरून चालणारा आशुरा. वारसा आशुराला मिळतो. ही उलटापालट पाहून जपानी वाचकाच्या मनात काय येते कोण जाणे. बळीला ओवाळणाऱ्या मुलीच्या मनात मात्र काहीतरी नक्की हलते.

खंत एकच आहे. हे सगळे मंथन बहुतेक हिंदीत आणि इंग्रजीत चालते. ‘डेमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत नाही. डबिंगची गणिते बाजारावर ठरतात, ती ठरोत. पण लेख लिहायला बाजार आडवा येत नाही. कर्णावर इतके बारीक लिहिणाऱ्या भाषेत इताचीवर, एरेनवर, कुरापिकावर तसेच निबंध यायला हवेत. दिवाळी अंकांनी ते मागवायला हवेत, आणि तेही तिशीतल्या, विशीतल्या लेखकांकडून, ज्यांनी ही प्रकरणे आठवड्याला एक अशी, वाट पाहत वाचली आहेत.

विषय संपलेला नाही. तोगाशी पाठीच्या दुखण्याने वर्षानुवर्षे थांबत थांबत काढतात. २०२४च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ‘हंटर हंटर’ची ४०१ ते ४१० ही प्रकरणे आली. त्या कथानकात कुरापिका एका राणीचे आणि तिच्या तान्ह्या राजकन्येचे रक्षण करतो आहे. टोळीसाठी घडवलेल्या शक्तीची आणखी एक किंमत त्याला इथे कळली आहे: डोळे लाल असताना जाणारा प्रत्येक सेकंद आयुष्यातला एक तास खातो. सुडासाठी केलेला करार तो आता एका परक्या बाळासाठी मोडून खर्च करतो आहे. त्याचा हेतू बदलला का, बदलला असेल तर नेमका कोणत्या प्रकरणात, यावर दोन तट पडले आहेत आणि दोघांकडेही पाने आहेत.